हिरवे भाऊसाहेब

कल्याणी उमाळेच्या घरी एक सरडा होता आणि घरातले सगळे त्याला अहो-जाहो करत. डोक्यावर मागे निमुळता होत गेलेला उंच तुरा होता, तो थेट फेट्यासारखा दिसायचा. चाल अशी, की एक पाय उचलला तर तो पुढे ठेवावा की नाही याचा विचार सभा संपेपर्यंत चालावा. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा कल्याणीचे यजमान, विलासराव, शाळेतून नुकतेच परतले होते. पिंजऱ्यात डोकावून ते म्हणाले, "अरे, हे तर आमच्या संस्थेचे अध्यक्ष!" तेव्हापासून त्याचं नाव भाऊसाहेब पडलं.

भाऊसाहेब हौसेखातर आणलेले नव्हते. ते डॉक्टरांनी लिहून दिलेले होते.

काही वर्षांपूर्वी कल्याणीला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. नागपूरच्या डॉ. लढ्ढांनी तिला त्यातून बाहेर काढलं. पण हा आजार गेला असं कधी ठाम म्हणता येत नाही. तो चोरपावलांनी परत येतो, आणि येताना रोग्याच्या श्वासात काही रेणू सोडतो. ते हुंगणारी यंत्रं निघाली होती, पण त्यांच्यातले संवेदक काही महिन्यांत थकायचे आणि मग काहीही सांगायचे. न थकणारा संवेदक हवा होता. तो शास्त्रज्ञांना सरड्याच्या कातडीत सापडला.

सरडा रंग बदलतो तेव्हा त्याच्या अंगात कोणी रंगाचे डबे उघडत नाही. त्याच्या कातडीखाली अतिसूक्ष्म स्फटिक विटांसारखे रचलेले असतात. ते जवळ जवळ असले की कातडी हिरवी दिसते आणि पेशी सैलावून स्फटिक एकमेकांपासून लांब गेले की पिवळी, केशरी. माणसांनी एवढंच केलं, की त्या पेशींच्या जनुकांत एक नवं कुलूप बसवलं. श्वासातला नेमका तो रेणू म्हणजे त्याची किल्ली. किल्ली लागली की पेशी सैलावते आणि सरड्याच्या उजव्या कुशीवर केशरी पट्टा उमटतो. सरडा दर थोड्या दिवसांनी कात टाकतो, त्यामुळे कुलपंही नवीकोरी येतात. यंत्राला हे जमणारं नव्हतं. आपल्या रानातल्या घोयऱ्या सरड्याचा हा लांबचा, परदेशी चुलतभाऊ प्रयोगशाळेत वाढून असा घराघरांत पोचला.

"रोज सकाळी याच्यासमोर बसून चहा प्यायचा. बाकी काही करायचं नाही," डॉ. लढ्ढांनी सांगितलं होतं. "पट्टा दिसला तर बोटं लावून मोजा. दोन बोटांच्या आत असेल तर या आजारावरची आपली लस काम करते. त्याच्यापुढे गेला, तर मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. आणि एक सांभाळा. पिंजऱ्यातला ओलावा साठ-पासष्ट टक्के राहिला पाहिजे. ते रेणू कातडीवरच्या पाण्याच्या पातळ थरात विरघळले तरच आत जातात. हवा कोरडी पडली की सरडा हिरवाच्या हिरवा राहतो. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि त्याला काहीच कळलेलं नसतं."

हे ऐकून कल्याणीला जवळजवळ हसू आलं होतं. ओलावा सांभाळायचा म्हणजे तिचं रोजचंच काम. अकोल्याबाहेरच्या सूतगिरणीत हवा ओली ठेवणारा सगळा विभाग तिच्या हाताखाली होता. अकोल्याची हवा मूळची कोरडीठाक. त्या हवेत सूत कातायला घेतलं तर धागा पटापट तुटतो, कापसाचे तंतू उडतात आणि लोखंडाला हात लावला की चटका बसतो. गिरणीत ओलाव्याला 'आरएच' म्हणत. नवा माणूस हवेत हात फिरवून "आज कोरडं वाटून राहिलं, मॅडम" म्हणाला, की कल्याणी त्याला तिथेच थांबवायची. "तुम्हाला काय वाटून राहिलं ते घरी सांगा. मीटर काय म्हणतो?" गिरणीत तिच्या पाठीमागे तिची नक्कल करायची असली तर एवढं एकच वाक्य पुरायचं. घरी नवऱ्याला ताप आला तरी ती कपाळावर हात ठेवायच्या आधी थर्मामीटर शोधायची.

भाऊसाहेबांचा पिंजरा तिने गिरणीच्या शिस्तीत लावला. आत जास्वंदीची कुंडी, एक बाभळीची फांदी, वर फवारा, बाजूला मीटर. मीटरचा आकडा साठाखाली आला की फवारा आपोआप चालू व्हायचा, पानांवर थेंब जमायचे आणि भाऊसाहेब एकेक थेंब जिभेने टिपायचे. मोबाइलमधून पिंजरा चालवण्याची सगळी व्यवस्था ऋताने करून दिली. ऋता तिची एकुलती एक मुलगी. शेतीच्या पाण्याची गणितं करणाऱ्या कंपनीत होती आणि घरूनच काम करायची. त्या व्यवस्थेचा संकेतशब्द मायलेकींनीच मिळून ठरवला. विलासरावांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ते इतिहासाचे मास्तर. मोबाइलवर गजर लावायचा असला तरी लेकीला हाक मारायचे.

आई सकाळी चहा घेऊन पिंजऱ्यासमोर बसली की ऋता दारातूनच विचारायची, "काय म्हणतात भाऊसाहेब?"

"हिरवे," कल्याणी म्हणायची. मग दोघींचा दिवस सुरू व्हायचा.

इथपर्यंत सगळं बरं होतं. पण एखादी वस्तू घरात आली, की ती लग्नाच्या बोलणीत शिरल्याशिवाय राहत नाही. घरात आजार असेल तर सरडा असणार आणि सरडा असेल तर त्याचा रंग काय, हे लोक विचारू लागले. आजार उलटला म्हणजे तो घराण्यातूनच आलेला, मुलीतही उतरणार, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शास्त्र इतकं सरळ नव्हतं, पण शास्त्राला विचारत कोण होतं? पत्रिका जुळली का, याच्या जोडीला 'सरडा हिरवा आहे ना' हाही प्रश्न आला. स्थळ सुचवणारी मंडळी तर फोनवर आधीच सांगून टाकत, "आईचं झालंय, पण सरडा हिरवा आहे हो."

ऋताचं तन्मय इंगोलेशी जमलं ते दोघांच्या पसंतीने. तरी दिवाळीच्या सुमारास तन्मयची आई अमरावतीहून घर बघायला आली. इंगोलेबाई बोलायला मोकळ्या, हसतमुख बाई. चहा झाला, चिवडा झाला, मग त्या सहज उठल्यासारखं करून पिंजऱ्यापाशी गेल्या. ऋता त्या वेळी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी होती. कल्याणीला ते दिसलं आणि लेकीची कीव आली.

"छान हिरवे आहेत हो," इंगोलेबाई म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या. माघातली तारीख त्याच बैठकीत निघाली.

लग्नाच्या आठवड्यात कल्याणीने गिरणीतून रजा घेतली. घरात पाहुणे येऊ लागले होते. अंगणात मांडव पडला होता. थंडी अजून होती. कूलर प्लास्टिक गुंडाळून गच्चीवर पडले होते आणि कोरड्या हवेने सगळ्यांचे ओठ फुटले होते. बऱ्याच दिवसांनी कल्याणी भाऊसाहेबांना दिवसभर बघू शकत होती, आणि जे दिसत होतं ते तिला आवडेना. त्यांचे गोल, फिरते डोळे आत गेल्यासारखे दिसत होते. जुनी कात बोटांना चिकटून राहिली होती. विष्ठेचा पांढरा भाग केशरी पडला होता, आणि असा सरडा तहानलेला असतो हे तिला पाठ होतं. कूस मात्र हिरवीगार होती. मीटर म्हणत होता चौसष्ट.

"वय झालं असेल त्यांचं," विलासराव म्हणाले.

मीटर चौसष्ट म्हणतोय म्हटल्यावर कल्याणीनेही मान हलवली. पुढे तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो या मान हलवण्याचा.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी पिंजऱ्यातली बाभळीची फांदी कलली. कल्याणीने पिंजऱ्यातलंच सूत घेतलं. गिरणीचंच, तिच्या देखरेखीखाली कातलेलं. ते मागेच फांदीवर लोंबत ठेवलेलं होतं, त्यानेच तिने गाठ आवळली. सूत तुटलं. तिने दुसरी गाठ मारली. पुन्हा तुटलं, तंतू उडाले आणि एक तिच्या बोटाला येऊन चिकटला.

ती तशीच उभी राहिली. चौसष्ट आरएचला हे सूत असं तुटत नाही. तिने आयुष्यभर हेच तर बघितलं होतं. पस्तीसला तुटतं. तिने पिंजऱ्यात हात घातला आणि जन्मात पहिल्यांदा मीटरला न विचारता तळहाताने हवा बघितली. आत बाहेरच्याइतकंच कोरडं होतं.

मग तिने स्वयंपाकघरातून मीठ आणलं. मीटर खरं बोलतोय का, हे तपासायची ही जुनी रीत. झाकणभर मिठात चार थेंब पाणी घालायचं, ते मीटरसोबत घट्ट डब्यात बंद करायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही. ओल्या मिठाच्या भोवतीची हवा नेहमी पंच्याहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते, अकोल्यात काय आणि अलिबागला काय. मीटर चांगला असेल तर पंच्याहत्तर दाखवतो. तिने लाडवांच्या डब्यांच्या मागे तो डबा ठेवला आणि पाहुण्यांना पोहे द्यायला गेली.

संध्याकाळी डबा उघडला. मीटर म्हणत होता नव्व्याण्णव. त्याच्यावर त्याला आकडाच नव्हता.

मीटर बिघडला, असं म्हणून तिने सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं, पण ती बाई तशी नव्हती. मीटरला दुरुस्तीचा आकडा देता येतो. तो दोनाने कमी दाखवत असेल, तर मोबाइलमध्ये अधिक दोन घालायचे. तिने ते पान उघडलं. तिथे कोणीतरी अधिक तीस घातले होते. म्हणजे पिंजऱ्यात चौतीस होते तेव्हा मीटर चौसष्ट म्हणत होता. फवाऱ्याला वाटत होतं पाणी पुष्कळ आहे. भाऊसाहेब तहानेने वाळत होते. आणि ती रोज सकाळी समोर बसून चहा पीत होती, निर्धास्त.

विलासराव आतल्या खोलीत आरशासमोर उभे राहून उद्याचा फेटा डोक्यावर बसतो का ते बघत होते. एरवी कल्याणीने, आज घरात फेटेवाले दोन झाले, असं काहीतरी म्हटलं असतं. तिने दार लावलं.

"अहो, मीटरमध्ये तीस कोणी घातले?"

त्यांचा हात फेट्यावर थांबला. मग त्यांनी फेटा उतरवला, मांडीवर घेतला आणि पलंगावर बसले.

"मी," ते म्हणाले.

"काहून?"

"पट्टा दिसला होता, कल्याणी. इंगोले मंडळी येऊन गेली, त्याच्या थोड्या दिवसांनी. तू चहा पिऊन गिरणीत गेली, त्यानंतर उमटला. लहानसा होता. मला वाटलं... लग्न पार पडून जाऊ दे. तुला कळलं असतं तर तू त्याच दिवशी नागपूरला भरती झाली असती. मग काय लग्न नि काय. त्या लोकांनी काय म्हटलं असतं?"

"आणि मला कळलं नाही म्हणून मी बरी होणार होते?"

"लग्न झालं की लगेच सांगणार होतो. देवाशपथ."

कल्याणीला ओरडता आलं असतं. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. ती ओरडली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्यापासून दिवाळीची साडीसुद्धा कधी लपवली नव्हती, इतका तो पोटात काही न राहणारा. आणि त्याने हे लपवलं. तिचा जीव लपवला.

"ऋताला माहीत आहे?"

"नाही, नाही! तिला यात ओढू नको. पोरीला काही म्हणजे काही माहीत नाही."

तिने तेवढ्यावर विसावा घेतला. निदान पोरगी तरी. सगळं फाटलं असलं तरी एक टोक धड होतं, आणि ती ते धरून बसली. तिने मोबाइल नवऱ्यासमोर धरला.

"काढा ते तीस. घातले तसे काढा."

विलासरावांनी मोबाइल घेतला. उलटा, सुलटा केला. मग तो बाजूला ठेवून कल्याणीच्या हातातला मीटर घेतला आणि त्याची पाठ चाचपू लागले. "ते... मागचं बटण दाबलं होतं मी."

मीटरला बटण नव्हतं. मागेही नव्हतं, पुढेही नव्हतं.

कल्याणीने मीटर त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. त्यांनी मान वर केली नाही. मोबाइलचा संकेतशब्द तिला आणि ऋताला, दोघींनाच माहीत होता.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. का बोलता?"

ते रडू लागले. तिने त्यांना रडू दिलं. त्यांचे डोळे पुसावे असं तिला वाटलं नाही आणि त्याचं तिला नवलही वाटलं नाही.

बाहेरच्या खोलीत ऋता मेंदीचे दोन्ही हात पसरून बसली होती. बहिणी, मावश्या मांडवात फुलं बघायला गेल्या होत्या. आईला बघून ती लाडात आली. "आई, भूक लागली गं. भरव ना."

कल्याणीने ताट आणलं. वरणभात कालवला. पहिला घास दिला, दुसरा दिला. लहानपणी द्यायची तसेच लहान घास, कारण ऋताला मोठा घास दिला की ठसका लागायचा. मग तिने विचारलं, "भाऊसाहेबांचा आरएच किती आहे गं आज?"

"चौसष्ट."

"बघून सांग."

"आई, मेंदी आहे ना हाताला. चौसष्टच असणार."

मीटर त्या वेळी कल्याणीने परत मिठाच्या डब्यात बंद केलेला होता आणि नव्व्याण्णव दाखवत होता. तिने ऋताच्या तोंडाकडे पाहिलं. पोरगी आईच्या नजरेला नजर देऊन, घास चावत, हसत होती. तिने खरं सांगायची संधी दिली होती आणि पोरीने ती घेतली नव्हती. नवऱ्याने फसवलं तेव्हा राग आला होता. आता रागही आला नाही. याच हातांनी हिला वाढवलं, आणि हेच हात आत्ताही तिला भरवत होते. तिने ताटातला सगळा भात संपेपर्यंत भरवलं. मग हात धुतले, मोबाइल उघडला, तीस खोडून शून्य केलं आणि मीटर डब्यातून काढून पिंजऱ्यात ठेवला. थोड्याच वेळात आकडा उतरून चौतिसावर आला. फवारा फुसफुसत सुरू झाला. झोपायच्या बेतात असलेले भाऊसाहेब दचकले, मग पानावरचा एक थेंब जिभेने टिपला, मग दुसरा, मग टिपतच राहिले.

विलासराव दारात येऊन उभे होते. "कल्याणी, उद्याचा एक दिवस राहू दे ना तसंच."

"नाही," ती म्हणाली.

सरडा झोपेत फिकट पडतो. खरा रंग कळतो तो सकाळच्या उन्हात. हळदीच्या दिवशी सकाळी कल्याणीने नेहमीसारखा चहा घेतला, पिंजरा व्हरांड्यातल्या उन्हात ठेवला आणि समोर बसली. मीटर बासष्ट म्हणत होता आणि कातडीवर ओल चढत होती. ती श्वास घेत होती, सोडत होती. कूस हिरवी होती. अजून हिरवी होती. तिच्या मनात एक वेडी आशा येऊन गेली, की पोरीने बघितला तो पट्टा पट्टा नव्हताच. तेवढ्यात तिला आतून हाका आल्या.

अमरावतीहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद आली होती. इंगोलेबाई स्वतः घेऊन आल्या होत्या. व्हरांड्यातच पाट मांडला होता. ऋता पिवळी साडी नेसून बसली, गाणी सुरू झाली. कल्याणीने आई म्हणून पहिली हळद लावली; गालांना, हातांना, पावलांना. ऋताने डोळे मिटून घेतले होते. मग बाकीच्या बाया पुढे सरसावल्या आणि एकच गलका झाला.

बार्शीटाकळीची म्हातारी मावशी पिंजऱ्याला टेकून बसली होती. तीच पहिल्यांदा ओरडली.

"अव माय! हे पाहा व! भाऊसायबालेई हयद लागली!"

सगळ्या बाया वळल्या. भाऊसाहेबांच्या उजव्या कुशीवर केशरी रंग उमटत होता. हसण्याचा फवारा उडाला. कोणी टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणालं, शुभशकुन आहे. एका बाईने वाटीतली हळद पिंजऱ्याच्या जाळीला लावली. मोबाइल पुढे झाले. मावशी तर उखाणा घ्यायच्या बेतात होती.

कल्याणी त्या घोळक्यातून वाट काढत पिंजऱ्यापाशी गेली. तिने दार उघडलं. हाताला हळद होती, ती तिने पदराला पुसली आणि बोट त्या कुशीला लावलं. एक बोट भरलं. रंग अजून सरकत होता. बाया हसत होत्या. तिने दुसरं बोट लावलं आणि मनातल्या मनात म्हणाली, आता थांब. भाऊसाहेब, थांबा आता. दुसरं बोट भरलं. गाणं दुसऱ्या कडव्यावर गेलं. रंग दुसऱ्या बोटाच्या पलीकडे आला, सावकाश, अगदी भाऊसाहेबांच्या चालीने. तिने तिसरं बोट टेकवलं. अर्ध्यावर येऊन तो थांबला.

ती पुष्कळ वेळ बघत राहिली. तो पुढे गेला नाही आणि मागेही आला नाही. अडीच बोटं.

तिने वळून पाहिलं. पाटावर ऋताने डोळे उघडले होते. हळदीने माखलेल्या त्या तोंडावर हसू नव्हतं. एवढ्या बायांमध्ये तिलाच एकटीला कळलं होतं की आई काय मोजते आहे.

"विहीणबाई, हे काय हो?" इंगोलेबाई जवळ आल्या. त्या अजून हसत होत्या, पण अर्धवट. "हे शुभच म्हणायचं ना?"

ऋताचे ओठ हलले. ती मानेने 'नको' म्हणत होती.

"माझा आजार परत आला आहे," कल्याणी म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. गाणं थांबलं. "दिवाळीनंतरच आला होता. आम्ही तुमच्यापासून लपवला. माझ्यापासूनही लपला होता."

इंगोलेबाईंनी पिंजऱ्याकडे बघितलं, मग कल्याणीकडे. हळदीची वाटी त्यांनी खाली ठेवली. "अहो, मग सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "लग्न काय, पुढे ढकललं असतं. माझ्या बहिणीचं मागच्या वर्षी हेच होतं म्हणून मी तो सरडा बघितला. तुमची काळजी वाटली म्हणून बघितला."

पाटावरून एक बारीक आवाज आला. ऋताने तोंड दोन्ही तळहातांत लपवलं होतं. मेंदीवर हळद आणि हळदीवर पाणी.

कल्याणीने आत जाऊन डॉ. लढ्ढांना फोन लावला. तिने अडीच बोटं म्हणून सांगितलं. मग ते म्हणाले, "आजच निघा. भाऊसाहेबांना सोबत आणा, मला कातडी बघायची आहे. काही सांगू शकत नाही, पण या." तिने पिशवीत दोन गाऊन भरले. विलासराव किल्ली घेऊन मागे आले, तेव्हा तिने किल्ली त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही पोरीजवळ थांबा. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळता, सांभाळा." ते अंगणातच उभे राहिले.

पिंजरा तिने शेजारच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावला. गाडी चालू केली तोच ऋता धावत आली, अनवाणी, हळदीची पिवळी पावलं मातीत उमटवत. तिने खिडकीवर हात ठेवले.

"आई, उद्या अक्षता पडल्या की मी स्वतः नेते तुला. एकच दिवस गं."

"तू माझे तीन महिने घेतलेस, ऋता. आता दिवस मागू नकोस."

"मला भीती वाटली होती. तुझी वाटली, माझी वाटली, त्या लोकांची वाटली. मला बघायचंच नव्हतं ते. मला वाटलं, नाही बघितलं तर..." तिला हुंदका आला. "तेव्हा नखाएवढा होता गं आई. फक्त नखाएवढा."

कल्याणीला वाटलं होतं, याहून जास्त दुखणार नाही. तिने लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. गालावरची हळद सुकून तडकली होती. एरवी तिने पदर ओला करून पुसली असती. हात उचललाही गेला होता, तो तिने गिअरवर ठेवला.

"हात काढ. काच वर घेते. बाहेर कोरडं आहे."

ऋताने हात काढले. काच वर गेली, तिच्यावर दहा बोटांचे पिवळे ठसे राहिले. भाऊसाहेबांनी एक डोळा कल्याणीकडे फिरवला, दुसरा मांडवाकडे. पिंजऱ्यातला मीटर बासष्ट म्हणत होता, आणि तो खरं बोलत होता.